महाधमनीच्या सीटीसाठी गोव्याला एकच लेखी पद्धत हवी

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, गोवा सरकार,
आरोग्य सेवा संचालनालय, पणजी,
आणि राज्यातील सर्व सरकारी व खासगी इस्पितळांची व्यवस्थापने

विषय : महाधमनीच्या सीटी अँजिओग्राफीची राज्यभर समान पद्धत, यंत्रखरेदीच्या अटी आणि स्कॅन पाठवण्याची व्यवस्था

महोदय,

सीटी यंत्र घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न एकच असतो, किती स्लाइसचे, म्हणजे एका फेरीत किती छेद टिपणारे? १६, ६४, १२८, २५६. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या धमनीच्या, तपासणीत या आकड्यावरून फार थोडे ठरते. १२८ स्लाइसच्या यंत्रावर ईसीजी न जोडता आणि हाताच्या पाठीवरच्या बारीक कॅन्युलातून (शिरेत बसवलेल्या नळीतून) डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उजळवणारे आयोडीनचे द्रव्य, सोडून काढलेला स्कॅन, ६४ स्लाइसच्या यंत्रावर नीट काढलेल्या स्कॅनपेक्षा वाईट निघतो. वाईट स्कॅनवरून चुकीचा निर्णय होतो आणि या आजारात चुकीच्या निर्णयाची किंमत जीव ही असते. म्हणून आमची मागणी यंत्राआधी पद्धतीची आहे. राज्यातल्या प्रत्येक सीटी विभागात महाधमनीचा स्कॅन एकाच लेखी पद्धतीने निघावा, खरेदीच्या अटी त्या पद्धतीवरून लिहिल्या जाव्यात आणि काढलेला स्कॅन रुग्णाच्या आधी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ), पोचावा. कोणा एका इस्पितळाविरुद्ध ही तक्रार नाही.

घाई का, ते आधी सांगतो. महाधमनीचा आतला थर फाटून रक्त भिंतीच्या थरांत शिरते तेव्हा त्याला डिसेक्शन म्हणतात. फाट हृदयातून वर चढणाऱ्या भागात असेल तर तो स्टॅनफर्ड ए प्रकार. त्यावर तातडीचे ऑपरेशन हाच उपाय आहे, कारण उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत मृत्यूची शक्यता तासागणिक सुमारे १ ते २ टक्क्यांनी वाढत जाते. फाट फक्त खाली उतरणाऱ्या भागात असेल तर तो बी प्रकार. त्यात बहुतेकदा रक्तदाब आणि नाडी आटोक्यात ठेवून, गरज पडली तर स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची, कापड मढवलेली जाळीची नळी) घालून उपचार होतो. हे दोन प्रकार वेगळे ओळखणे हे सीटीचे पहिले काम.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. हार्ट अटॅकच्या तातडीच्या उपचारासाठीच्या स्टेमी गोवा प्रकल्पामुळे परिघावरच्या केंद्रात काढलेला ईसीजी काही मिनिटांत तज्ज्ञापुढे येतो आणि गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देता येते. हे फार मोलाचे काम आहे. पण ए प्रकारची फाट कधीकधी उजव्या करोनरीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या, तोंडापर्यंत जाते आणि ईसीजीत हुबेहूब खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक दिसतो. अशा रुग्णाला ते इंजेक्शन दिले तर रक्तस्राव आवरत नाही. त्यामुळे इंजेक्शनआधी दोन मिनिटे काढून तीन गोष्टी पाहाव्यात. दुखणे क्षणात सुरू होऊन सुरुवातीलाच सर्वांत तीव्र होते का? दोन्ही हातांच्या वरच्या रक्तदाबात २० मिमीहून जास्त फरक आहे का, एखादी नाडी मंद आहे का? हातापायात नवीन कमजोरी किंवा हृदयात नवा मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) आहे का? यातले काही आढळले तर आधी सीटी. प्रत्येक हार्ट अटॅकच्या रुग्णाला सीटीला पाठवा, असे आम्ही म्हणत नाही. त्यात वेळ जाऊन उलट नुकसानच होईल. छातीचा साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणून डिसेक्शन नाही, असे मात्र कोणी समजू नये.

आता प्रत्यक्ष स्कॅन.

सुरुवात डायशिवायच्या फेरीने व्हावी, छातीपुरती आणि कमी डोसची. घाईत ही फेरी गाळण्याचा मोह होतो. पण आतला थर न फाटता फक्त भिंतीत रक्त साकळले असेल, तर ते डायशिवायच्या चित्रात ६० ते ७० एचयूच्या (एचयू हे सीटीतल्या उजळपणाचे एकक) उजळ चंद्रकोरीसारखे दिसते. डाय गेल्यावर शेजारची रक्त वाहणारी पोकळी इतकी उजळते की ही कोर डोळ्यांना हरवते आणि साधी जाड भिंत म्हणून सुटून जाते. दोन वेगळ्या ऊर्जांच्या किरणांनी स्कॅन करणारी ड्युअल एनर्जी यंत्रे डायच्या स्कॅनमधून डाय वजा करून डायविना चित्र तयार करतात, पण पातळ कोरीसाठी त्यावर पूर्ण विसंबू नये, असे आमचे मत आहे.

मग येते ईसीजी गेटिंग, म्हणजे ईसीजीवरून हृदयाच्या ठोक्यातल्या ठरावीक क्षणाचेच चित्र घेणे. या पत्रातला आमचा सर्वांत मोठा आग्रह याचाच आहे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी महाधमनीचे मूळ आणि चढता भाग हलतो, वळतो, फुगतो. गेटिंग नसेल तर एकाच स्लाइसमध्ये भिंतीच्या दोन जागा एकावर एक उमटतात आणि दुहेरी भिंत दिसते. म्हणजे डिसेक्शन नसताना डिसेक्शन. गेटिंगशिवायच्या बहुतेक स्कॅनमध्ये ही खोट थोडीफार असतेच. सरावलेला डोळा ती ओळखतो. ती बहुधा डावीकडे पुढे आणि उजवीकडे मागे येते, एकदोन स्लाइसपुरती असते आणि रेषा महाधमनीच्या बाहेर चरबीत किंवा शेजारच्या फुफ्फुस धमनीतही उतरते. पण रात्री तीन वाजता रिपोर्ट करताना एवढी खात्री कोणी द्यावी? शंका ठेवून रिपोर्ट दिला की सर्जनची टीम जमते, रुग्णाची छाती उघडण्याची तयारी होते, नाहीतर त्याला दुसऱ्यांदा डाय देऊन पुन्हा स्कॅन करावा लागतो. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. मुळाजवळची छोटी खरी फाट 'हालचालीमुळे दिसते आहे' म्हणून सोडून दिली जाते.

गेटिंग कशी जमते हे यंत्राच्या टेम्पोरल रेझोल्यूशनवर, म्हणजे एक चित्र टिपायला लागणाऱ्या वेळेवर ठरते. एक एक्स-रे नळी असलेल्या यंत्रात तो वेळ गॅन्ट्रीच्या (रुग्णाभोवती फिरणाऱ्या कड्याच्या) एका फेरीच्या साधारण निम्मा असतो. फेरी ०.३५ सेकंदाची तर १७५ मिलीसेकंद, ०.२८ ची तर १४० मिलीसेकंद. दोन नळ्यांच्या यंत्रात तो ७५ किंवा ६६ मिलीसेकंदांपर्यंत खाली येतो. अशा यंत्रात टेबल इतके वेगाने सरकते की छातीच्या वरच्या टोकापासून जांघेपर्यंतची साधारण ६५ सेंटीमीटर लांबी एक ते दीड सेकंदात उरकते. आजच्या सर्वांत वेगवान यंत्रांचा टेबलवेग सेकंदाला ७३७ मिलिमीटरपर्यंत आहे. यात एक अडचण मात्र लक्षात ठेवावी. या वेगवान पद्धतीत दुसऱ्या डिटेक्टरने व्यापलेले क्षेत्र फक्त ३३ ते ३५ सेंटीमीटर असते. रुग्ण टेबलाच्या मध्यावर नसेल किंवा स्थूल असेल तर कडेचा भाग बिघडतो, म्हणून स्काउट (सुरुवातीचे आखणीचे चित्र) पाहून रुग्णाला नीट मध्यावर घ्यायलाच हवे.

अशी यंत्रे सगळीकडे येणार नाहीत, आणि त्यासाठी अडून राहायचेही कारण नाही. ६४ स्लाइसच्या यंत्रावरही चांगले काम होते. छाती गेटिंगने घ्यायची, आणि डायाफ्रामखाली गेटिंग बंद करून पोट व कमरेचा भाग लगेच सलग घ्यायचा. मोड बदलताना काही सेकंद जातात, ते डायच्या हिशेबात धरायचे. नाडी संथ असेल तर ७० ते ७५ टक्के आर-आरवर (ईसीजीतल्या दोन आर टोकांमधल्या, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या, अंतराच्या तेवढ्या टप्प्यावर), जलद असेल तर ३५ ते ४५ टक्क्यांवर चित्र स्वच्छ मिळते. डिसेक्शनच्या रुग्णाची नाडी ६० च्या खाली आणि वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्यासाठी एस्मोलॉल किंवा लॅबेटालॉल हे बीटा ब्लॉकर औषध तसेही द्यायचेच असते, आणि तेच औषध चित्रही सुधारते. करोनरी सीटीच्या सवयीने जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी मात्र देऊ नये. बीटा ब्लॉकरशिवाय ती दिली तर नाडी उसळते आणि भिंतीवरचा मारा वाढतो. ईसीजीच्या तारा स्कॅनच्या क्षेत्राबाहेर, कोरड्या पुसलेल्या त्वचेवर लावाव्यात. टी लाट उंच असेल तर यंत्र तिलाच आर समजून चुकीच्या जागी ट्रिगर घेते. अशा वेळी लीड बदलून पाहावी.

डायच्या बाबतीत चुका सर्वांत जास्त होतात आणि त्या सुधारायला खर्चही सर्वांत कमी येतो.

कॅन्युला १८ गेजची, म्हणजे हिरवी, उजव्या कोपराच्या पुढच्या शिरेत. उजवीच का? डाव्या हातातून आलेली डाय डाव्या मोठ्या शिरेतून थेट महाधमनीच्या कमानीसमोरून आडवी जाते, आणि तिच्या दाट उजेडामुळे पडणाऱ्या रेघा नेमक्या कमानीवर येतात. २२ गेजच्या निळ्या कॅन्युलातून सेकंदाला ४ मिली वेग देऊ नये. मग वेग कमी करावा लागतो आणि महाधमनी फिकी राहते. डाय सोडण्याआधी त्याच वेगाने २० मिली सलाइन सोडून शिरेवर हात ठेवून पाहावे. सूज आली तर तिथेच थांबावे.

प्रमाण असे धरावे : मिलीला ३५० मिलिग्रॅम आयोडीन असलेली डाय, सेकंदाला ४ मिली, म्हणजे सेकंदाला १.४ ग्रॅम आयोडीन. दोन टप्प्यांच्या ६४ स्लाइस स्कॅनला ९० ते १०० मिली, पाठोपाठ त्याच वेगाने ४० मिली सलाइन. सलाइन वगळले तर डायचा शेवटचा भाग हाताच्या शिरेतच पडून राहतो, म्हणून दोन डोक्यांचा इंजेक्टर ही चैन नव्हे. वेगवान दोन नळ्यांच्या यंत्रावर ८० किंवा १०० केव्ही (एक्स-रे नळीचा विद्युतदाब) ठेवले तर ५० ते ६० मिलीतही काम होते, कारण कमी केव्हीला आयोडीन जास्त उजळते. आयोडीन किरणे एकदम जास्त शोषू लागते ती ऊर्जा, म्हणजे त्याची के-कड, ३३.२ केईव्हीवर आहे आणि किरणांची सरासरी ऊर्जा खाली आली की ती तिच्या जवळ जाते. रोड बांध्याच्या रुग्णाला सवयीने १२० केव्ही लावणे म्हणजे डायही वाया आणि डोसही जास्त.

डाय पोचली की स्कॅन सुरू करणाऱ्या बोलस ट्रॅकिंगची खूण कॅरायनाच्या (श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या) पातळीवर ठेवतात, तिथे चढती आणि उतरती महाधमनी एकाच चित्रात दिसते. दोन ठिकाणी घात होतो. खूण चढत्या भागात ठेवली आणि रुग्णाने श्वास घेतला की शेजारच्या वरच्या महाशिरेतली दाट डाय खुणेत शिरते आणि स्कॅन वेळेआधी सुटतो. उतरत्या भागात ठेवली आणि ती नेमकी खोट्या पोकळीत, म्हणजे भिंतीच्या थरांत रक्त शिरून झालेल्या पोकळीत, पडली, तर ती पोकळी उशिरा भरते. ठरलेला १२० एचयूचा आकडा येईपर्यंत खऱ्या पोकळीतली डाय निघून गेलेली असते. म्हणून डिसेक्शनच्या संशयात तंत्रज्ञाची नजर आकड्यावर नको, चित्रावर हवी. कोणतीही एक पोकळी उजळताना दिसली की हाताने सुरू करावे. ८० किंवा १०० केव्हीला तीच डाय जास्त आकडा दाखवते, त्यामुळे उंबरठा १५० च्या आसपास न्यावा.

नव्या वेगवान यंत्रांनी आणखी एक चूक जन्माला घातली आहे. फुगलेल्या महाधमनीत किंवा दुबळ्या हृदयाच्या रुग्णात रक्त हळू सरकते आणि टेबल डायच्या पुढे निघून जाते. मग जांघेतल्या धमन्या काळ्या दिसतात आणि रिपोर्टमध्ये 'बंद' असे लिहिले जाते. यावर उपाय दोन. उंबरठा गाठल्यावर साधारण १० सेकंद थांबावे, आणि मूत्रपिंडांपासून जांघेपर्यंतची दुसरी फेरी आधीच प्रोग्रॅम करून तयार ठेवावी. लागली तर एक कळ दाबायची, नाहीतर रद्द करायची.

स्टेंट-ग्राफ्ट घातलेल्या रुग्णाला उशिराची फेरीही हवी, साधारण ६० ते ७० सेकंदांनी. ग्राफ्टबाहेर फुगवट्यात होणारी गळती हळू भरणारी असेल तर ती पहिल्या फेरीत दिसतच नाही.

मूत्रपिंडाबद्दल थोडक्यात. डिसेक्शनच्या संशयात क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी रुग्णाला थांबवू नये. ठरवून होणाऱ्या तपासणीत ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) ३० च्या खाली असेल तर नेफ्रॉलॉजिस्टशी बोलावे. ३० च्या वर असेल आणि मूत्रपिंडाला तीव्र इजा नसेल तर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध बंद करायची गरज नाही. अ‍ॅनाफिलॅक्सिससाठी (डायच्या जीवघेण्या अॅलर्जीसाठी) मांडीच्या स्नायूत द्यायचे ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन स्कॅनरूममध्येच हवे, वॉर्डातल्या कपाटात नाही.

एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. यंत्राचा 'श्वास रोखा' हा रेकॉर्ड केलेला आवाज बहुधा इंग्रजी किंवा हिंदी असतो. सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या म्हाताऱ्या रुग्णाला तो समजतोच असे नाही. दहा सेकंदांच्या स्कॅनमध्ये मध्येच श्वास सुटला तर चित्राला पायरी पडते. बहुतेक यंत्रांत स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो. कोकणी, मराठी आणि हिंदी अशा तिन्ही भाषांत सूचना भराव्यात आणि रुग्णाला टेबलावर घेतल्यावर एकदा सराव करून घ्यावा.

मोजमापाबद्दल सर्जन मंडळींची नाराजी रास्त आहे. महाधमनी सरळ उभी नसते. ३० अंशांनी कललेली ४.५ सेंटीमीटरची महाधमनी आडव्या स्लाइसमध्ये ५.२ दिसते, ४० अंशांनी कललेली ५.९. चढत्या महाधमनीच्या ऑपरेशनचा विचार साधारण ५.५ ला, मार्फानसारख्या, धमनीची भिंत दुबळी करणाऱ्या जन्मजात आजारात त्याहून आधी होतो. म्हणजे कोन चुकला तर ऑपरेशन नको असलेला रुग्ण टेबलावर जातो. दोन्ही दिशांनी काटकोन साधून, मध्यरेषेला लंब असाच छेद मोजावा. आतल्या कडेपासून मोजले की बाहेरच्या, आणि हृदयचक्राच्या कोणत्या टप्प्यात, हे रिपोर्टमध्ये लिहावे. पुढच्या वेळी तसेच मोजले नाही तर दोन मिलिमीटरची 'वाढ' कागदावरच जन्म घेते. मूळ, सायनोट्यूब्युलर जंक्शन (मूळ संपून चढता भाग सुरू होतो ती जागा), चढत्या भागाचा मध्य, कमान, उतरत्या भागाचा मध्य, डायाफ्राम, मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली, या जागा ठरलेल्या असाव्यात. पोटातला फुगवटा असेल तर त्याच्या मानेची, म्हणजे फुगवट्याच्या वरच्या न फुगलेल्या भागाची, लांबी, तिचा कोन आणि जांघेच्या धमन्यांची रुंदी हेही लिहावे, कारण स्टेंट-ग्राफ्ट त्यावरच निवडतात.

याच कारणासाठी फिल्मवर छापलेली चित्रे पुरत नाहीत. मोठ्या पाकिटातली फिल्म घेऊन रुग्ण गोमेकॉत येतो, सोबतची सीडी उघडत नाही किंवा तीत ५ मिलिमीटरच्या स्लाइस असतात, आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो. दुसऱ्यांदा डाय, दुसऱ्यांदा किरणे, वेळ गेला तो वेगळाच. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ स्लाइस डायकॉम (वैद्यकीय चित्रांच्या संगणकीय) स्वरूपात थेट पाठवणे अवघड नाही. ६५ सेंटीमीटरचा स्कॅन ०.७ मिलिमीटर अंतराने मांडला तर सुमारे ९३० चित्रे होतात. प्रत्येक अर्ध्या एमबीचे, म्हणजे एका फेरीचे ५०० एमबीच्या आत. २० एमबीपीएसची अपलोड लाइन असेल तर साडेतीन मिनिटांच्या आसपास काम होते. काणकोणहून निघालेली १०८ करमल घाट उतरून बांबोळीला पोचायला तासाहून जास्त वेळ घेते. तेवढ्या वेळात सर्जनने चित्र पाहून थिएटर तयार ठेवलेले असू शकते. म्हापसा, मडगाव, फोंडा आणि खासगी सीटी केंद्रे या सर्वांना एकाच सर्व्हरवर पाठवता यावे, आणि त्यासाठी रात्री फोन उचलणारी एक नेमलेली व्यक्ती असावी.

आता खरेदी. कार्डियाक सॉफ्टवेअर, ईसीजी मॉनिटर, दोन डोक्यांचा इंजेक्टर, व्हेसल अ‍ॅनालिसिसचे वर्कस्टेशन परवाने हे बहुतेकदा यंत्रासोबत येत नाहीत, वेगळे विकत घ्यावे लागतात. निविदेत त्यांचा उल्लेख राहिला तर १२८ स्लाइसचे यंत्र येते आणि गेटिंग करता येत नाही. त्यामुळे निविदेत स्लाइसची संख्या दुय्यम ठेवून फेरीचा वेळ, टेम्पोरल रेझोल्यूशन, ८० केव्हीला मिळणारा जास्तीत जास्त एमए (नळीतला विद्युतप्रवाह) आणि हे चारही भाग मूळ किमतीतच मागावेत. देखभाल करारात एक्स-रे ट्यूब समाविष्ट असावी. पावसाळ्यात आपल्याकडे गॅन्ट्रीरूमचा एसी रात्री बंद ठेवला तर दमट हवेचे पाणी साचते आणि डिटेक्टर बिघडतो. एसी चोवीस तास, आर्द्रतामापक भिंतीवर आणि संगणकांसह यूपीएस, हेही अटींतच हवे. सकाळचे ट्यूब वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन टाळू नये. टाळले की चित्रात वर्तुळे उमटतात.

फोटॉन काउंटिंग सीटीबद्दल अलीकडे विचारणा होते. कॅडमियम टेल्युराइडच्या डिटेक्टरवर प्रत्येक फोटॉन स्वतंत्र मोजला जातो, ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील मिळतो, स्टेंटच्या आतले स्वच्छ दिसते. अमेरिकेत पहिल्या यंत्राला २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मान्यता मिळाली. तंत्र खरोखर मोठे आहे. पण आज गोव्यात त्या पैशात काय आधी व्हावे असे विचाराल तर आमचे उत्तर स्पष्ट आहे. जिथे जिथे सीटी आहे तिथे गेटिंग चालू करा, आणि प्रत्येक पाळीत ते करता येणारा एक तंत्रज्ञ ठेवा. दिवसा उत्तम आणि रात्री गेटिंगविना अशी सेवा चालणार नाही, कारण महाधमनी दिवसपाळी पाहून फाटत नाही.

काम नीट होते की नाही हे तपासण्यासाठी महिन्याला चार आकडे पुरेत : चढत्या महाधमनीत आणि जांघेच्या धमनीत मिळालेले एचयू, दोन्हीकडे २५० च्या वर हवेत, गेटिंगने झालेल्या छातीच्या स्कॅनचे प्रमाण, डीएलपी (स्कॅनचा एकूण किरण-डोस), आणि दुसऱ्या इस्पितळात पुन्हा कराव्या लागलेल्या स्कॅनची संख्या. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) परवान्यासाठी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर असतोच, डीएलपीची नोंद त्यांच्याकडून सहज मिळेल.

या पद्धतीचा दोन पानी मसुदा, कन्सोलशेजारी लावता येईल अशा मराठी तक्त्यासह, आम्ही विनामोबदला द्यायला तयार आहोत. आरोग्य खात्याने रेडिओलॉजिस्ट, कार्डियाक सर्जन, सीटी तंत्रज्ञ आणि १०८ चा एक प्रतिनिधी यांना एकत्र बसवून तो तपासून घ्यावा आणि परिपत्रक म्हणून काढावा. पुढच्या सीटी खरेदीत शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, बसवलेल्या यंत्रावर खऱ्या रुग्णाचा गेटिंग केलेला महाधमनीचा स्कॅन आपल्याच तंत्रज्ञाने काढून दाखवावा आणि तो बांबोळीच्या सर्व्हरवर उघडावा, ही अट निविदेत असू द्यावी.

आपले,
गोव्यातील काही रेडिओलॉजिस्ट आणि सीटी तंत्रज्ञ